आवक झाल्याशिवाय जावक नाही

७ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! दुसऱ्यांची घरं आवरून देणं हा माझा धंदा, आणि आजवर पाहिलेल्या पसाऱ्यांत ह्या घराचा पहिला नंबर लागावा. टुमदार दुमजली घर, पुढे अंगण, आणि आत पाय ठेवायला जागा नाही. छत्र्याच एकवीस! त्यातल्या उघडतात चार. मी उघडून पाहिल्या ना. असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवायला लागतात.

घरमालक काका सत्तरीचे, कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झालेले, बोलायला गोड. परगावी असलेल्या त्यांच्या मुलाने काम ठरवलं आहे. सहा दिवस इथेच मुक्काम, रविवारी घरी. माझी आठ वर्षांची ठमी तेवढे दिवस आजीकडे. तिच्या बोटांवर दिवस मोजून दाखवून आले आहे.

येताना एक गंमत झाली. काकांची देखभाल करणाऱ्या मावशींनी दार उघडलं, मी आत शिरले आणि त्या माझ्या शेजारून चक्क पळत बाहेर गेल्या. चपलासुद्धा घातल्या नाहीत. काका म्हणाले, त्यांना घरी जायची घाई होती. असेल बाई, काम संपल्यावर मीही काही रेंगाळत नाही.

८ मार्च, मंगळवार

माझी पद्धत साधी आहे. एकेक वस्तू हातात घ्यायची, मालकाला विचारायचं आणि तीनपैकी एका ढिगात टाकायची: ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. एक कपाट संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. नाहीतर चार कपाटं अर्धवट काढून माणूस मधोमध रडत बसतो. पाहिली आहेत मी अशी माणसं.

आज स्वयंपाकघरातलं फडताळ काढलं. एकीकडे झाकणाविना डबे, दुसरीकडे डब्याविना झाकणं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! काका कशालाच नाही म्हणत नाहीत. फक्त दरवेळी हसून विचारतात, की ह्या वस्तूच्या बदल्यात काय आलं? जुन्या नोकरीची खोड, दुसरं काय. झिजलेला पाना जमा केल्याशिवाय त्यांनी म्हणे कुणाला नवा दिला नाही. चार पोती भरली आणि दारातूनच बाहेर अंगणात ढकलली. कमरेचा पार काटा ढिला झाला, पण झोप छान लागेल.

९ मार्च, बुधवार

फडताळ पुन्हा भरलेलं. झाकण न् झाकण जिथल्या तिथे.

मला वाटलं, काकांचेच उद्योग. लटकं रागावले. ते म्हणाले, त्यांचे गुडघे त्यांना दारापर्यंतही नेत नाहीत. पुन्हा चार पोती भरली, दारातून बाहेर ढकलली, हात धुऊन आले. पुन्हा सगळं आत. हात धुवायला असा किती वेळ लागतो?

दुपारी काकांच्या मुलाने पाठवलेली नवी किटली आली. जुनी गळकी होती ती दारातूनच बाहेर ठेवली, आणि ती मात्र बाहेरच राहिली. भंगारवाला घेऊनही गेला. काका म्हणाले, भांडाराचा नियमच आहे, आवक झाल्याशिवाय जावक नाही. मीही गिऱ्हाइकांना हेच शिकवते, की एक वस्तू आत आली की एक बाहेर काढा. हे त्यांना सांगून हसायला गेले, पण हसू आलं नाही.

१० मार्च, गुरुवार

चिकटपट्टी संपली म्हणून दुकानात निघाले. दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं आणि स्वयंपाकघरात आले.

वाटलं, चक्कर आली. पाणी प्यायले, परत गेले. पुन्हा स्वयंपाकघर. मागच्या दाराने गेले तर माडीवर. मग मोजायचं सोडून दिलं.

काकांवर खूप ओरडले. ते बिचारे डोळे पुसत ऐकून घेत होते. मग म्हणाले, की बायको गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. त्या दिवशी उंबऱ्यात उभं राहून त्यांनी ठरवलं, की यापुढे बदल्यात काही आल्याशिवाय ह्या घरातून काही जाणार नाही. घराने ऐकलं. आता ते स्वतः विनवतात तरी ऐकत नाही. मावशी दोन वर्षं इथे होत्या. सोमवारी मी आत आले, म्हणून त्या सुटल्या.

वस्तूला वस्तू लागते. माणसाला माणूस.

११ मार्च, शुक्रवार

खिडक्या उघडत नाहीत. काचेवर हातोडी मारली, साधा ओरखडा नाही. रस्त्याने माणसं जातात. घसा फुटेपर्यंत ओरडले, कुणी मान वर केली नाही. सगळीकडे खोकी, डबे, छत्र्या, आणि त्यांच्यातच मी. श्वास पुरत नाही. खूप भीती वाटते आहे.

मोबाईल बंद पडला, चार्जर घरीच राहिला. काकांच्या जुन्या फोनवरून माझ्या भागीदारणीला लावला. आम्ही दोघी मिळून हा धंदा करतो. खरं सांगणार होते. तोंडातून निघालं ते असं, की काम उरकत नाही, रविवारी मदतीला ये. ती लगेच हो म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

ती आत येईल. मी जाईन. तिलाही दोन मुलं आहेत.

१२ मार्च, शनिवार

नको. तिला येऊ नको म्हणून सांगायला हवं. सकाळपासून तीनदा फोन उचलला. तीनदा ठेवला.

ठमी बोटं मोजत असेल. आज सहावं.

उद्या सांगते. ती निघायच्या आधी. नक्की सांगते.

१३ मार्च, रविवार

नऊला केला फोन. उचलत नाही. निघाली—

माडीच्या खिडकीतून गाडी दिसते आहे. ती डिकीतून खोकी काढते आहे. मागचं दार उघडलं—

ठमी.

ठमीला का आणलं? आईला भेटायचा हट्ट धरला असेल— आजीने दिलं असेल पाठवून—

जिन्यात खोकी, मीच रचलेली, निघत नाहीत— काका खाली झोपलेत, हाका ऐकत नाहीत— दाराला कडी नाही— काच बडवते आहे, ती हात हलवते आहे, हसते आहे— वाचता येतं तिला— मोठ्या अक्षरांत—

आत येऊ नकोस

ठमी आत येऊ नकोस

तिथेच थां

ऊन. पायाखाली अंगण. वही हातात तशीच.

मी बाहेर आहे.

ठमी खालच्या खिडकीत. तोंड हलतं आहे, आवाज येत नाही. भागीदारीण गाडीशी पाठमोरी— ठमी, इकडे बघ, वाच—

रडू नकोस

आई इथेच आहे

मी आत आले की तू सुटशील

दार उघडंच आहे, चार पावलं फक्त

येते, आत्ता येते

एक मिनिट थांब राजा, एकच मिनिट, वारा किती— श्वास घेते आणि लगेच—