दोन घड्यांची चिठ्ठी

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. बाबांचा गुडघा बरा आहे, आता गुडघ्यापेक्षा बाबाच जास्त कुरकुरतात. चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे. काल एका आजोबांनी नवा चष्मा लावून आजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "जुनाच बरा होता." आजींनी त्यांना तिथेच फैलावर घेतलं.

तू विचारलंस, चर्चच्या तरुण संघाचं काय झालं. माझं काम संपलं. संघाचे जुने पुढारी अचानक सोडून गेले तेव्हापासूनचे नऊ महिने मी सांभाळले, पुढच्या रविवारी नवे येतील. कमिटीला अहवाल द्यायचा आहे. छापील कागदावर दोनच रकाने आहेत: सुरुवातीला किती तरुण, शेवटी किती. चौदा आणि नऊ. पाळकसाहेब म्हणाले, "दिवस कठीण होते, असं लिही." पण दिवसांचा काय दोष?

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, परीक्षांमुळे मुलं कमी झाली. ती थाप होती.

शनिवारच्या सभेत विनंत्यांसाठी मी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवायचे. नियम माझाच. चिठ्ठीला एक घडी असेल तर सगळ्यांसमोर वाचून मिळून प्रार्थना करायची. दोन घड्या असतील तर फक्त मी वाचायची, एकटीने प्रार्थना करायची आणि फाडून टाकायची. एका शनिवारी दुकानातून धावतपळत पोचले. वेळ वाचावा म्हणून गाणी चालू असतानाच सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या, तळहाताने सपाट केल्या आणि गठ्ठा लावला. दुकानात पावत्या अशाच लावते ना, हाताला सवय. मग उभी राहून एकेक वाचत सुटले. तिसरी अर्धी वाचल्यावर कागदावर दुसरी घडी दिसली. तेव्हा थांबता आलं असतं, पण मी वाक्य पुरं केलं.

चिठ्ठीवर नाव नव्हतं. पण "वाजवताना बोटं थरथरतात" असे शब्द होते, आणि आमच्यात कीबोर्ड वाजवणारी एकच. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने शांतपणे कीबोर्डवर कापड घातलं आणि ती निघून गेली. घरच्यांपासून लपवलेली गोष्ट होती, तिसऱ्या दिवशी घरी पोचली. काय होती ते

(इथली ओळ मीच खोडली आहे. उजेडात धरून वाचू नकोस. तुझं काही सांगता येत नाही.)

त्यानंतर मुलं गळायला लागली. डबा रिकामाच राहू लागला. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? मी राजीनामा लिहिला, दोन दिवस पर्समध्ये फिरवला आणि फाडला. पळून जाणं सोपं होतं, म्हणूनच नको वाटलं.

दर शुक्रवारी तिच्या घरी जायला लागले. तिची आई दारातूनच सांगायची, "ती घरी नाही." तिच्या चपला मला समोर दिसायच्या. सहाव्या खेपेला मी म्हटलं, "तिला बोलावू नका. चूक माझी होती, तिची नाही, एवढंच तुम्हाला सांगायचंय."

"हे मंडळीपुढे सांगितलंस का?"

"नाही."

"मग माझ्या उंबऱ्यात कशाला सांगतेस?"

त्यांनी दार लावून घेतलं. बाई चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या.

पाळकसाहेब म्हणाले, "मिटलेलं प्रकरण उकरू नकोस." मी म्हटलं, "मिटलेलं नाही, दडपलेलं आहे." रविवारी उपासनेत साक्षीची, उभं राहून मनातलं सांगायची वेळ आली तेव्हा उठले. एवढंच बोलले: "विश्वासाने माझ्या हाती दिलेली गोष्ट मी फोडली. ज्यांनी ती पुढे नेली, त्यांना ती माझ्याकडून मिळाली. दोष माझा आहे. मी क्षमा मागते." नाव नाही, चिठ्ठी नाही. खाली बसले तेव्हा शेजारच्या काकू सरकून बसल्या, माझ्यापासून लांब.

ताई, तुझीही क्षमा मागायची आहे. लांबच्या शाळेत नोकरीसाठी तू गुपचूप अर्ज केला होतास, ते मी जेवताना बाबांना सांगितलं आणि त्यांनी तुला तो मागे घ्यायला लावला. तू हसून म्हणालीस, "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही," आणि माझं नाव रेडिओ पडलं. पण त्या दिवसापासून तू मला मनातलं काही सांगितलं नाहीस. मी अकरा वर्षांची होते, हे कारण झालं, सबब नव्हे.

काल माझी शेवटची सभा होती. ती आली. कीबोर्डकडे गेली नाही, दाराजवळच्या खुर्चीत बसली. सगळे गेल्यावर मी डबा उघडला. एकच चिठ्ठी होती. दोन नाही, चार घड्या.

वाचली, प्रार्थना केली, फाडली. तू विचारलं होतंस, नऊ महिन्यांत काय साधलंस. अहवालाच्या कागदावर त्याला रकाना नाही. हे साधलं.

चिठ्ठीत काय होतं, ते तुलाही सांगणार नाही.

तुझ्या मनातलं काही लिहावंसं वाटलं तर लिही. दोन घड्या घाल.

तुझी, तोंडात तीळ भिजत घातलेली,
रेडिओ