भिंतीवरची चिमणी

प्रिय चिमणे,

तुझ्या नव्या घराचे फोटो मिळाले. दिवाणखाना छान दिसतोय, खोटं कशाला बोलू? सोफ्याच्या वर खंड्या, जिन्याच्या वळणावर घुबड, जेवणाच्या टेबलामागे बुलबुल. सगळ्यांना सारख्या सोनेरी चौकटी. असली जुनी छापील चित्रं आता शोधून मिळत नाहीत, असं पाहुण्यांना सांगत असशील. तुला कुठे मिळाली, तेही सांगतेस का गं?

मागच्या खेपेस तू दोन दिवस राहिलीस. मी शिवणाच्या दुकानात होते आणि मनात म्हणत होते, चला, बाई एकदाची आईजवळ बसली. तू बसलीस खरी, पण ब्लेड घेऊन. बाबांचं पक्ष्यांचं पुस्तक धूळ खात पडलं होतं, असं तू नंतर फोनवर म्हणालीस. धूळ खायला त्याला सवड कुठे होती? दिवसभर ते आईच्या मांडीवर असायचं. ती झोपली असताना तू पानं कापलीस, तेवढ्यापुरतंच ते खाली होतं.

अर्धांगाच्या झटक्यात आईची वाचा गेली, हे तुला माहीत आहे. त्यानंतर ती बोलते कशी, हे तू कधी विचारलं नाहीस. खंड्यावर बोट ठेवलं की पाणी. घुबड म्हणजे दिवा मालव. बुलबुल म्हणजे रेडिओ लाव. चौकटवाल्याकडून चित्रांवरचे डाग घालवून घेतलेस आणि वर मला कौतुकानं कळवलंस, ते डाग आईच्या बोटांचे होते. आता तहान लागली की ती कापलेल्या कडेवरून बोट फिरवते आणि मी अंदाज बांधत बसते. चुकले की ती चिडते, मग रडते. मांजराचा खेळ होतो नि उंदराचा जीव जातो म्हणतात, ते उगाच नाही.

आपण दोघीही होतो त्या पुस्तकात. मी कावळा. रंगामुळे की सतत कटकट करते म्हणून, देव जाणे. कावळ्याला तू हात लावला नाहीस, दिवाणखान्यात त्याला कोण टांगतं? तू अर्थात चिमणी. ते पान मात्र कापलंस.

यातलं काही तुला लिहिणार नव्हते. तुझ्याशी बोलायचीच इच्छा उरली नव्हती. पण सोमवारपासून आईनं खाणं सोडलंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. काल तिचं बोट चिमणीच्या कापलेल्या कडेवर थांबलं, ते हलेचना. मी हळूच उचलून कावळ्यावर ठेवलं. म्हटलं, आई, मी आहे ना. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, बोट काढलं आणि पुन्हा त्या रिकाम्या जागी नेऊन ठेवलं. चित्रं राहू देत भिंतीवर. तू ये.

तुझीच,
ताई