बटणसाहेब आणि मुका फोन

३ फेब्रुवारी, सोमवार

चाचणी अयशस्वी!

एवढंच. का अयशस्वी, ते नाही. केबल तुटली असेल तर तसं सांग, आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर तसं सांग. चाचणी त्यासाठीच तर असते! कपाटातला तो चपटा डबा, ऑफिसातले सगळे फोन आणि संगणक जोडणारा आमचा स्विच, केबलमध्ये एक ठोका सोडतो, तो कुठे आपटून परत आला ते बघतो आणि बिघाड किती मीटरवर आहे ते सांगतो. आज मात्र दर वेळी एकच पाढा. रुसलेल्या नवऱ्यासारखा. काय झालं विचारलं की, 'काही नाही.'

आणि केबल नेमकी जाऊबाईंची! म्हणजे त्यांच्या टेबलावरच्या फोनची. पंपांच्या कंपनीत तो फोन म्हणजे दुकानाचा दरवाजा. कुणाची मोटर जळली, कुणाची तळघरात पाणी भरून झोप उडाली, सगळे आधी जाऊबाईंना ऐकवतात. आणि साहेब म्हणतात, त्या फोनच उचलत नाहीत. 'मी स्वतः बाहेरून करून बघितलंय. एकदा नाही, दर वेळी!'

महिनाअखेरीला मालकीणबाई ठरवणार, जाऊबाईंना ठेवायचं की नाही.

जाऊबाई म्हणतात, 'वाजला तर उचलीन ना! मधूनच मुका होतो मेला.' कुणाला खरं वाटत नाही. मला वाटतं. म्हणजे, बहुतेक वाटतं. दुपारी जेवणानंतर त्यांचे डोळे जड होतात, हे मी घरी बघितलंय. हे फक्त इथे.

पण स्विचमध्ये दिसतं की त्यांची लाइन दिवसातून कधीतरी खरोखर पडते. पडते आणि उठते. मग केबलच, दुसरं काय!

४ फेब्रुवारी, मंगळवार

माहितीपुस्तक वाचलं. चाचणी नीट व्हायची तर पलीकडच्या टोकाचं यंत्र काढून ठेवावं लागतं. म्हणजे लाइन शांत होते. सोपं.

जाऊबाईंच्या टेबलाखाली शिरले. वरून आवाज, 'अगं, माझी चप्पल कुठे सरकवलीस?' मी म्हटलं, 'वहिनी, तुमची नोकरी वाचवतेय, चप्पल काय घेऊन बसलात!'

'माझ्यासाठी कुणाच्या पाया पडायचं नाही, आधीच सांगून ठेवते. लोक म्हणतील, घरचं माणूस म्हणून.'

'पाया कुठे पडतेय? तुमच्या टेबलाच्या पाया पडलेय.'

हसल्या नाहीत. जाऊबाई ऑफिसात हसत नाहीत. घरी तरी कुठे फारशा. आम्ही एकाच जिन्याच्या वर-खाली राहतो, रोज बरोबर येतो-जातो, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला अजून एकदाही आधी कळलेलं नाही.

तर, फोनची केबल काढली. फोन माझ्या हातात. आणि कपाटात जाऊन बघते तर स्विचवरचा दिवा हिरवाच! म्हणजे स्विच म्हणतोय, आहे, पलीकडे कुणीतरी जागं आहे. कोण आहे? फोन तर माझ्या काखेत!

चाचणी अयशस्वी.

५ फेब्रुवारी, बुधवार

टोकं नवी लावली. स्विचवरची जागा बदलली. केबल जिथे हलवली तिथे तिचा हिरवा दिवा बरोबर. भूत आहे म्हणावं तर भुताला एवढी शिस्त नसते.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, 'तू आणि वहिनी, दोघी मिळून एक यंत्र बिघडवताय, असं दिसतंय.' आणि पाठ फिरवून झोपले. ह्यांची चाचणी मी करतच नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांकडे गेले. म्हटलं आपणहून सांगावं, केबलमध्ये काहीतरी आहे, जरा वेळ द्या.

साहेबांना मी इथे बटणसाहेब म्हणते. ऑफिसातल्या प्रत्येक दारावर त्यांची पाटी आहे: 'खोली सोडताना सगळी बटणं बंद करा.' खाली बोट दाखवणारा हात. एकदा माझ्या कपाटावरही लावली होती. मी काढायला लावली, नाहीतर अख्खं ऑफिस मुकं झालं असतं. पण माणूस स्वतः नियम पाळतो, हे मान्य. बाथरूमला निघाले तरी दाराजवळचा बटणांचा बोर्ड एका तळव्याने खाली. चटचटचट!

मला बोलूच दिलं नाही. 'केबल-बिबल मला सांगू नका. मी हॉटेलातून फोन करतो, नाही उचलत. गाडीतून करतो, नाही उचलत. इथून केला तर बरा उचलतात! मी जागेवर आहे हे त्यांना कळतं. साहेब गेले की बाई झोपल्या.'

'पण साहेब, लाइन खरंच...'

'आणि तुम्ही त्यांच्या कोण लागता, तेही मला माहीत आहे.'

बाहेर आले तेव्हा कान गरम झाले होते. जाऊबाई फोनवर कुणाला तरी समजावत होत्या, 'आधी पाणी भरा आजोबा, मग चालू करा. कोरडा चालवला की तो ओरडणारच. तुम्हाला उपाशी पळवलं तर तुम्ही नाही ओरडणार?' इतकं शांत आणि पोटातून. मी उभी राहून ऐकत राहिले. हे बोलणं कुणी ऐकतच नाही. सगळ्यांना न वाजलेला फोन तेवढा माहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणी यशस्वी!!

जेवणाच्या सुट्टीत सहज करून बघितली. साहेब बाहेर जेवायला गेले होते. दिवा विझलेला, जाऊबाईंचा फोन मुका, आणि स्विच शहाण्यासारखा बोलला. बिघाड नाही. लांबी सदतीस मीटर.

सदतीस? जाऊबाईंचं टेबल कपाटापासून हाकेच्या अंतरावर आहे. ओढून ताणून दहा-बारा मीटर. उरलेली केबल कुठे फिरायला जाते?

साहेब परत आले. दिवा हिरवा. चाचणी अयशस्वी.

वही मिटली होती, पुन्हा उघडतेय. साहेब गेले की लाइन पडते. आले की उठते! केबल कुणाची वाट बघते, ते कळलं. का बघते, ते सोमवारी.

१० फेब्रुवारी, सोमवार

वायरमनला म्हटलं, शिडी आण, खोट्या छताच्या वर बघायचंय.

'आज शिडी नाही.'

'ती काय, तुझ्या पाठीमागे.'

'ती मोडकी आहे.'

मी चढले. मोडकी नव्हती. चोराच्या मनात चांदणं! छताचे पत्रे सरकवत केबलच्या मागे मागे बघत गेले. ती जाऊबाईंच्या टेबलाकडे ढुंकूनही न बघता सरळ मागच्या बाजूला गेलेली. आणि शिरली कुठे? बटणसाहेबांच्या केबिनमध्ये!

खाली उतरले. वायरमन भिंतीवरचा एक अत्यंत साधा खिळा फार लक्ष देऊन बघत होता.

'सांगतोस की मी साहेबांना विचारू?'

'मॅडम, मला काय... साहेबांनी सांगितलं, मी केलं.'

तर ते असं. जाऊबाईंचं टेबल आधी केबिनबाहेर होतं. गेल्या वर्षी दर्शनी दाराशी हलवलं, मी तेव्हा सुट्टीवर होते. कपाटापासून नवी केबल टाकायला साहेबांनी नाही म्हटलं. खर्च नको, नवे पॉइंट बंद, हा त्यांचाच हुकूम. म्हणून जुनी केबल आत ओढली, साहेबांच्या कपाटामागे एक छोटी डबी, विजेवर चालणारा धाकटा स्विचच, लावली, आणि डबीतून एक केबल दाराशी, टेबलापर्यंत. फोन काढला तरी पलीकडे जागी होती ती ही डबी!

'आणि डबीतून दुसरी एक निघते ती?'

वायरमन परत खिळ्याकडे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टीव्ही!

साहेब बैठकीला गेले तेव्हा प्रिंटरची लाइन बघते म्हणून आत गेले. कपाटाचं दार उघडलं. फायलींच्या जागी हा एवढा टीव्ही, आवाज बंद, मैदानात माणसं धावतायत. डबीची वीज येते दाराजवळच्या बोर्डावरून. त्याच! फक्त आज घाईत त्यांचा तळवा एका बटणावरून हुकला होता.

म्हणजे साहेब निघतात, नियमाप्रमाणे सगळी बटणं पाडतात. डबी मरते, जाऊबाईंचा फोन मरतो. मग साहेब बाहेर जाऊन त्याच फोनवर फोन करतात आणि म्हणतात, बघा, उचलत नाहीत!

प्रिंटरजवळ उभी राहून मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम हसूच गेलं. एका बटणासाठी एका बाईला वर्षभर झोपाळू ठरवलं. मीसुद्धा 'बहुतेक' म्हटलंच की.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जाऊबाईंना सांगितलं, जिन्यात. वाटलं, भडकतील.

'बरं,' म्हणाल्या. थोड्या पायऱ्या चढून परत वळल्या. 'मालकीणबाईंसमोर दाखवता येईल?'

'येईल.'

'सगळ्यांसमोर?'

'येईल की!'

'मग कर.' आणि चक्क हसल्या. जाऊबाई हसताना इतक्या द्वाड दिसतात, हे मला माहीतच नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज झालं!

साहेबांनीच मालकीणबाईंना बोलावलं होतं, पुरावा दाखवायला. मालकीणबाई जाऊबाईंच्या शेजारी खुर्चीवर. हिशेबातल्या बायका उगाच पाणी प्यायला आलेल्या. वायरमन खांबामागे.

मी म्हटलं, 'साहेब, आधी आतून करा.' केला. वाजला. जाऊबाईंनी उचलला, 'नमस्कार, बोला, काय बिघडलंय?' साहेबांना म्हणे!

साहेब म्हणाले, 'आता बाहेरून बघा.' केबिनच्या दारातून निघताना तळवा बोर्डावर. चटचटचट! बोळात उभं राहून मोबाइल कानाला. आम्ही सगळे फोनकडे बघतोय. पडद्यावर उजेड आहे, पण फोन गप्प.

'बघितलंत मॅडम? समोर बसून उचलत नाहीत!'

मालकीणबाई म्हणाल्या, 'वाजला कुठे?'

मी म्हटलं, 'साहेब, एक विनंती. आता बटणं चालू ठेवून बाहेर या.'

'का?'

'पाटी एकदा माफ करा.'

फार जड गेलं त्यांना. बटणं वर केली आणि पोटचं लेकरू मागे सोडल्यासारखे बघत बघत बाहेर आले. आम्ही थांबलो, डबी जागी व्हायला वेळ लागतो. मग त्यांनी फोन लावला. खणखणीत वाजला! जाऊबाईंनी दोनदा वाजू दिला. मुद्दाम. मग उचलून, 'नमस्कार, बोला. कुठून बोलताय?'

हिशेबातली एकजण फिसकन हसली. मालकीणबाई उठल्या, सरळ केबिनमध्ये. मी बोट दाखवलं नाही, नुसती कपाटाकडे बघत राहिले. तेवढं पुरलं.

'हे काय?'

'मॅडम, ते... प्रशिक्षणाचे व्हिडिओ...'

'प्रशिक्षणात गोल कुणी मारला?'

पुढचं लिहीत नाही, साहेबांची कीव आली. खरंच आली. मान खाली घालून जाऊबाईंच्या टेबलापाशी आले, 'ताई, चूक झाली,' म्हणाले. सगळ्यांसमोर. जाऊबाई म्हणाल्या, 'असू द्या.' त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी कधी बघितला नव्हता.

मालकीणबाई म्हणाल्या, 'तुमची जागा पक्की. कोणी हात लावणार नाही.'

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवी केबल टाकली. अकरा मीटर. फोन काढून चाचणी: यशस्वी. उगाच पुन्हा केली. यशस्वी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जाऊबाईंनी राजीनामा दिला!

मी तर शिडीवरच बसले. घरी येताना विचारलं तर म्हणाल्या, 'जायचं तर कधीपासून होतं गं. खोटी ठरून जायचं नव्हतं.' पोहायला शिकायचंय त्यांना. या वयात! कपडेसुद्धा आणून ठेवलेत, निळे.

आणि मी वेडी, त्यांची नोकरी वाचवत होते.