गाठीचं दुसरं माप

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कागदावर आठही अंगं मावत नाहीत, उरलेली मनातल्या मनात टेकवली आहेत.) तुमची तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण मामी फोनवर सगळं सांगते आणि तुम्ही काहीच सांगत नाही. डोक्यातली गाठ कोटाच्या बटणाएवढी आहे, उजव्या हाताला मुंग्या येतात, आणि उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना हवा असलेला दुसरा फोटो काढायला तुम्ही साफ नाही म्हणालात, इथवर बातमी पोचली आहे. "मी गिऱ्हाइकाचं माप एकदाच घेतो. दोनदा घेतो तो शिंपीच नव्हे," असं डॉक्टरांना तोंडावर ऐकवलंत म्हणे. मामी रडत होती, पण हे सांगताना मध्येच हसली, तेही कळवतो.

आता माझं. मला नवी नोकरी लागली आहे. (जुनी का गेली ते विचारू नका. गोदामामागे नदी होती, नदीत एक बोट मोकळीच बांधलेली होती, आणि बोट म्हटल्यावर माणूस... पण ते राहू दे.) मेंदूतल्या गाठी किती वाढतील, कुठे पसरतील आणि औषधाने, किरणांनी किती मागे हटतील याचा अंदाज गणिताने बांधणारी मंडळी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर बसतात, त्यांच्यात मी. दचकू नका, गणित मला करू देत नाहीत. ते आमच्या समीकरणबाई करतात. मी पडद्यावर मेंदूचा फोटो उघडून गाठीच्या कडेने रेघ ओढतो. तुमच्या दुकानात खडूने ओढायचो तशीच. फक्त इथे चुकलं तर कान पिरगळत नाहीत, नुसतं बघतात.

बाईंनी मला समजावलं की गाठीच्या दोन गोष्टी धराव्या लागतात. एक, गाठीच्या घरात माणसं, म्हणजे पेशी, किती वेगाने वाढतात. दुसरी, त्यातली किती उंडगी निघून शेजारीपाजारी भटकायला लागतात. (दुसरी मला चटकन कळली. बाई म्हणाल्या, "वा, हुशार आहेस!" मी म्हटलं, घराण्यातला एकुलता एक नमुना आहे.) ही भटकी फोटोत दिसत नाहीत. किरणं फोटोतल्या कडेपर्यंतच मारली तर ती सुटतात, आणि सरसकट मारली तर चांगला मेंदू भाजतो. म्हणून ती कुठवर गेली असतील ते गणिताला विचारायचं. ते नक्की सांगत नाही, निर्णय डॉक्टरच घेतात. पण माझं पुढे काय होणार याबद्दल आपल्या घरात जे अंदाज बांधले गेले त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरं.

परवा बाईंनी एका जुन्या पेशंटचे दोन फोटो दिले, काही महिन्यांच्या अंतराने काढलेले. मी रेघा ओढल्या आणि एकाला नाव दिलं 'नवा', दुसऱ्याला 'खरा नवा'. तेवढ्यात खिडकीबाहेर एक क्रेन पियानो उचलून चौथ्या मजल्यावर चढवत होती. (मामा, पियानो हवेत फिरतो तेव्हा त्याचे तीन पाय असे दिसतात, जसं एखादं जनावर... राहू दे.) खिडकीपासून परत येऊन मी दोन्ही गणितात ढकलले. दुपारी बाई ओरडतच बाहेर आल्या. गाठ आपोआप आक्रसत होती! औषध नाही, किरणं नाहीत, आणि पुढे तर मोहरीएवढी होऊन नाहीशीच! मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी फोटोंच्या कोपऱ्यातलं वय वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "अभिनंदन. पेशंट त्रेपन्नाचा बावन्न झालाय. मलाही दाखल करून घ्या." फोटो उलटसुलट गेले होते. बाई मला म्हणाल्या, "गणित बिचारं पानात पडेल ते खातं रे. वाढणाऱ्याने तरी बघावं!" नोकरी शाबूत आहे.

तर सांगायचं असं, की दोन फोटो उलटे घातले की गणित वेडं होतं, आणि एकच घातला तर मुकं. बटण हळूहळू बटण झालं की झपाट्याने, हे एका फोटोला कसं कळणार? एकदाच माप घेता ते वाढ थांबलेल्या गिऱ्हाइकाचं. शाळेचा गणवेश शिवताना त्याच पोराला दर वर्षी टेपेखाली उभं करता की नाही? तुमची गाठ अजून शाळेत जाते, मामा.

इकडे काम फार, त्यामुळे येणं जमणार नाही. मामीला नमस्कार.

तुमचा,
उंडगा भाचा

ता. क. : मामीने तुम्हाला न विचारता फोटोची वेळ घेतली आहे. तिच्यावर डाफरू नका, मी घ्यायला लावली.

आणखी ता. क. : वेळ आजचीच आहे. पाकिटावर तिकीट नाही हे लक्षात आलंच असेल. येणं जमणार नाही असं वर लिहिलं ते घाईत खोडायचं राहिलं. मी खाली गाडीत आहे. वर येत नाही, कारण मला पाहून तुम्ही शिव्या देत बसाल, आणि बसलात की उठणार नाही.

शेवटचं : मापाची गोष्ट डॉक्टरांना पटली असेल, मला नाही. फोटो काढायच्या त्या नळीत पडल्यावर कानाशी घण घातल्यासारखा आवाज येतो, आणि बाहेर आल्यावर तुम्ही चपला न घालताच घरी निघालात, एवढंच मामी म्हणाली. मी विचारून ठेवलंय, मला आत सोडतात. फोटो संपेपर्यंत तुमच्या पायांना धरून बसेन, खिडकी नाहीच तिथे. नळीजवळ लोखंड चालत नाही, तेव्हा कॉलरला खोचलेल्या सुया मामीकडे द्या आणि उतरा. डाव्या हाताने कठडा धरा.