पाण्याच्या पाळीला दिलेली बॅटरी

मंगळवार, ६ मे
शेतीच्या मोटरीला लाइट येणार साडेसातला, आणि लढाईच्या सरावासाठी अख्ख्या मांजरी गावात अंधार करायचा आठला. कुणी ठरवलं हे? लढाई लागेल तेव्हा लागेल, ऊस आजच सुकतोय. नातू विक्या दिवसभर मोबाइलवर विमानं बघतो. म्हणे, "आजी, भोंगा वाजला की एकही दिवा दिसायला नको. आम्ही गस्त घालणार." म्हटलं, आधी स्वतःचं ताट उचल, मग देश उचल.
हुसेनला बॅटरी दिली. बीडचा गडी, बारा वर्षं आमच्या उसाला तोच पाणी देतो. म्हणाला, "आज राहू द्या की आजी. पोरं वरडतील." मीच म्हटलं, "वरडू दे. पाळी चुकली तर दोन दिवस पाणी नाही. जा."

बुधवार, ७
काल भोंगा झाला, घराघरातले दिवे मालवले. उसात हुसेनची बॅटरी हलत होती. एक सरी भरली की माती ओढून पाणी दुसरीत सोडायचं, उजेडाशिवाय कसं दिसणार? पोरांना वाटलं, विमानांना खुणा करतोय. आठ-दहा जण आत शिरले.
मी पोचले तर हुसेनचं तोंड सरीतल्या पाण्यात दाबलेलं, मानेवर कुणाचा तरी बूट. उजवा हात कोपरापासून उलटा वळलेला. एक डोळा... नको.
फावड्याचा दांडा विक्याच्या हातात. आमच्याच फावड्याचा.
"तो सिग्नल देत होता, आजी."
"कुणाला? उसाला?"
दांडा हिसकला आणि विक्याच्या कोपरावर घातला. एक जण मला गद्दार म्हणाला. त्यालाही घातला. बाकीचे पळाले. मोठे शूर.

गुरुवार, ८
डोळा गेला, डॉक्टर म्हणाले. हुसेनची बायको रबिया रडली नाही. एवढंच विचारलं, "बॅटरी तुम्हीच दिली होती ना, आजी?"
"हो."
"मग पोलिसांना सांगाल?"
तेवढ्यात नर्स आली. बरं झालं म्हणाले मनात. लाज वाटली.
घरी लेक दत्ता म्हणतो, "मोटरीचा शॉक बसून पडला म्हणायचं. पोराला पुढं नोकरी मिळणार नाही, आई."
म्हटलं, शॉकनं मानेवर बुटाचा ठसा उमटतो होय?
विक्या जेवला नाही. ताट मात्र उचललं.

शनिवार, १०
टीव्ही म्हणतो, लढाई थांबली. गस्तवाली पोरं पेढे घेऊन आली. दारातूनच परत लावून दिली.
हुसेन आज बोलला. "शेवटच्या चार सऱ्या राहिल्या, आजी." त्याचं तोंड सुजलेलं, दोनदा विचारावं लागलं.
उद्या सकाळी हवालदार जबाब घ्यायला येणार. दत्तानं शॉकची गोष्ट सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतली.
आता हे लिहून टीव्हीवर चिकटवते, म्हणजे सगळ्यांना दिसेल: दत्तानं तोंड उघडायचं नाही. सुनेनं चहा करायचा, बास. बॅटरी कुणी दिली ते मी सांगणार. दांडा कुणी चालवला त्याचं उत्तर विक्यानं द्यायचं, स्वतःच्या तोंडानं, उभं राहून.