वाकायची सवय

सप्टेंबर २००९, शनिवार, संध्याकाळ

मिरकरवाड्याचे हसनभाई स्वाइन फ्लूच्या न्यूमोनियाने दोन आठवडे व्हेंटिलेटरवर आहेत. आज त्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली. श्वासनलिका उघडताना व्हेंटिलेटर थांबवायचा, म्हणजे तोंडावर फवारा येत नाही. थांबवलाही. पण नळी बसली आणि मी वाकलो, हवा येते का ते कानाने ऐकायला. वीस वर्षांची मेली सवय! सिस्टर ओरडल्या, "डॉक्टर, वाकू नका!" मास्क होता. नीट बसला होता ना?

वाकलोच कशाला?

आईला कमी ऐकू येतं. रोज घरी आलो की तिच्या कानाशी वाकून बोलतो. आज वाकलो नाही, दारातूनच हात हलवला.

ती म्हणाली, "रागावलायस काय रे माझ्यावर?"