दोन बश्या, सारखीच साखर

प्रिय ताई,

फोनच करणार होते. पण तुझा आवाज ऐकला की माझा उपदेश सुरू होतो. तू मला शहाणी म्हणतेस ते काही उगाच नाही. कागदावर निदान तुला मध्येच तोडता येत नाही.

इकडे प्रयोगशाळेत सध्या माणसाच्या यकृताच्या पेशी वाढवतोय. दोन बश्या, दोन्हींत तेच खाणं, तीच साखर. फरक एवढाच, की एकीत प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचा अंश घातलाय. तुमच्या कारखान्यात टेबलावर घालायच्या प्लास्टिकच्या चादरी निघतात ना, त्यांत असतं तसलंच. परवा पाहिलं तर त्या बशीतल्या पेशी चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या. मी सहकारिणीवरच उखडले, दुप्पट साखर घालतेस आणि वर नाही म्हणतेस? ती रडकुंडीला आली. मग सगळं पुन्हा माझ्या हातांनी केलं, कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. तरी तेच. तिची माफी मागितली, पण मान वर होईना. असलंच वाक्य मी तुलाही ऐकवलंय.

तुझ्या यकृतावर चरबी आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून माझा तुझ्या घासावर डोळा. आईच्या वाढदिवसाला तर सगळ्यांदेखत तुझ्या पुढ्यातली केकची बशीच उचलली. चोरून खातेस आणि वर नाही म्हणतेस, म्हटलं. तू हळूच म्हणालीस, "अगं, मी खरंच तेवढं खात नाही." मी हसले. शिकलेली मी हसले म्हणून मामा हसला, तुझी पोरंसुद्धा हसली. तू उठून भांडी घासायला गेलीस. कामावरून आलीस की तुझ्या केसांना त्या गरम चादरींचा वास येतो, मी नाक मुरडते. त्या वासाचा कधी विचार केला नाही गं, तुझ्या ताटाचा मात्र केला.

बशीतल्या पेशी म्हणजे तू नव्हेस. तुझं यकृत त्यानेच बिघडलं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तू खोटं बोलतेस हे मात्र छातीठोक सांगून मोकळी झाले होते. लाज वाटते ताई, फार लाज वाटते.

काल आईचा फोन आला. तू यंत्रापाशी चक्कर येऊन पडलीस, हात थोडक्यात वाचला. वाढदिवसापासून रात्रीचं जेवणच सोडलंयस म्हणे. आणि आईला बजावलंस, शहाणीला इतक्यात सांगू नकोस, वजन उतरलं की मीच तिला दाखवेन. मी रविवारी येतेय. डॉक्टरांकडे जाऊ. तुझं काम काय, वास कसला, हे तूच सांग, मी तोंड उघडणार नाही. मला काहीही दाखवायचं नाहीस तू. हे पत्र बाजूला ठेव, ताट वाढून घे आणि पोटभर जेव.

तुझीच,
कसली डोंबलाची शहाणी